वी कन्सोलवर होमब्रू टाकताना कार्ड आणि ड्राइव्हच्या अडचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निन्टेंडोचा वी २००६ साली आला. त्याच्या सिस्टिम मेन्यूची शेवटची आवृत्ती ४.३ ही २०१० ची. तेव्हापासून होमब्रूची, म्हणजे निन्टेंडोच्या परवानगीशिवाय हौशी लोकांनी बनवलेले प्रोग्राम टाकण्याची, वाट इतकी मळली आहे की कन्सोल मुळात उघडलाच नाही असं फारसं घडत नाही. तरीही लोक अडकतात, आणि बहुतेक एकाच जागी अडकतात: एसडी कार्ड किंवा यूएसबी ड्राइव्ह. पडद्यावर संदेश कन्सोल दाखवतो, म्हणून संशयही कन्सोलवरच जातो. मग कोणी कन्सोलची आतली मेमरी फॉरमॅट करतं, कोणी भलतीच सिस्टिम फाइल टाकून बघतं, आणि धडधाकट वी कायमचा बंद पडतो.

कार्ड वाचता न येण्याने कन्सोलचं काहीही बिघडत नाही. कन्सोलच्या आत लिहिताना गडबड झाली तर मात्र बिघडू शकतं. कोणताही उपाय करण्याआधी तो या दोनपैकी कुठल्या बाजूचा आहे ते बघा.

फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कार्डावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत असतात.

कोणतं कार्ड घेऊ?

पूर्ण आकाराचं, ओळखीच्या कंपनीचं, २ ते ३२ जीबीचं एसडी कार्ड. मेन्यू ४.० च्या आधीच्या वींना २ जीबीपर्यंतचीच साधी एसडी कार्डं कळत. २००९ मध्ये ४.० आलं आणि ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डं चालू लागली. कार्डाच्या वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. वीचा स्लॉट जुना आहे, कार्डावरच्या वेगाच्या आकड्यांचा त्याला काही उपयोग नाही.

कार्ड घातलं की "स्लॉटमधलं उपकरण वापरता येत नाही" अशा अर्थाचा संदेश येतो. कार्ड गेलं का?

बहुतेक वेळा नाही. कार्ड ठीक असतं, फॉरमॅट चुकीचा असतो. वीला फॅट३२ लागतं (२ जीबी किंवा त्याहून लहान कार्डावर फॅट१६ ही चालतं). एक्सफॅट आणि एनटीएफएस मेन्यूला कळत नाहीत. कार्डाची पार्टिशन टेबल (कार्डाचे भाग कसे पाडले आहेत याची नोंद) एमबीआर पद्धतीची हवी, जीपीटी नको. कार्ड आधी रास्पबेरी पाय किंवा डॅशकॅममध्ये वापरलेलं असेल तर त्यावर दोन-तीन पार्टिशन पडलेली असतात आणि वी पहिल्याच पार्टिशनपाशी गोंधळतो. अशा वेळी नुसता फॉरमॅट पुरत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सगळी पार्टिशन काढा, एकच नवीन करा आणि मग फॉरमॅट करा. हे करताना आपण कार्डच निवडलंय ना, ते क्षमतेचा आकडा बघून दोनदा तपासा. संगणकाची हार्ड डिस्क निवडली गेली तर वीचा प्रश्न बाजूलाच राहील.

फॉरमॅट करताना "अलोकेशन युनिट साइज" विचारतात, तिथे ३२ केबी, म्हणजे ३२७६८ बाइट निवडा. कमी ठेवलं तरी कार्ड दिसेल, पण काही होमब्रू प्रोग्राम अडखळतात. गेमक्यूबचे गेम चालवणाऱ्या निन्टेंडन्टसाठीही हाच आकडा सांगितला जातो.

माझ्याकडे ६४ जीबीचं कार्ड आहे. एसडी असोसिएशनच्या अधिकृत फॉरमॅटरनेच फॉरमॅट केलं, तरी दिसत नाही.

अधिकृत साधन वापरलं म्हणूनच दिसत नाही. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅटमध्ये असावीत असा एसडीएक्ससीचा नियम आहे आणि ते फॉरमॅटर तो नियम पाळतं. विंडोज एक्सप्लोररच्या फॉरमॅटच्या खिडकीतही ३२ जीबीच्या वर फॅट३२ हा पर्याय वर्षानुवर्षं दिसतच नसे. अँड्रॉइड फोनही मोठं कार्ड एक्सफॅटमध्येच नेतो.

उपाय म्हणजे गुईफॉरमॅट या नावाने ओळखलं जाणारं छोटं मोफत साधन. मॅकवर डिस्क युटिलिटीत "एमएस-डॉस फॅट" आणि योजना "मास्टर बूट रेकॉर्ड" निवडायचं. असं केल्यावर ६४ किंवा १२८ जीबीची कार्डं होमब्रूमध्ये सहसा चालतात. मेन्यूमधला एसडी कार्डाचा विभाग मात्र त्यांना नाकारू शकतो, आणि बूटमी (कन्सोलच्या आतल्या मेमरीचा बॅकअप घेणारं आणि तो परत टाकणारं साधन) तर अजूनच चोखंदळ आहे. म्हणून पहिलं इन्स्टॉलेशन लहान कार्डावर उरका, मोठं कार्ड नंतर गेमसाठी वापरा. घरातल्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात एखादं ४ किंवा ८ जीबीचं कार्ड पडलेलं असतंच.

कार्ड वाचलं जातं, पण लिहिताना चूक येते.

कार्डाच्या डाव्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते. ती खाली सरकली की कार्ड लॉक होतं. जुन्या कार्डांत ती सैल होते आणि स्लॉटमध्ये घालताना आपोआप खाली जाते. पट्टी वर सरकवून तिथे पातळ चिकटपट्टीचा तुकडा लावला की काम भागतं.

मायक्रोएसडी ॲडॉप्टरमध्ये घालून वापरत असाल तर आधी ॲडॉप्टर बदलून बघा. कार्डाबरोबर फुकट मिळणाऱ्या ॲडॉप्टरचे संपर्क ढिले असतात. संगणक त्यांच्याशी जुळवून घेतो, वी घेईलच असं नाही. आणि स्लॉट वर्षानुवर्षं उघडा राहिला असेल तर त्यात धूळ असणार. कन्सोल बंद करून, प्लग काढून, कार्ड दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. संपर्क बऱ्यापैकी साफ होतात.

कार्डावर दिसते ६४ जीबी, फाइल कॉपीही होते, पण वीवर प्रोग्राम मध्येच गोठतो.

कार्ड बनावट असण्याची शक्यता धरा. आतली चिप ८ जीबीची असते, पण कंट्रोलर संगणकाला ६४ जीबी सांगतो. खरी जागा संपली की पुढचा डेटा आधीच्या डेटावर लिहिला जातो किंवा हवेत जातो, आणि संगणक मात्र "कॉपी झाली" म्हणत राहतो. आपल्याकडे रस्त्यावरच्या स्टॉलवर आणि ऑनलाइन सेलमध्येही अशी कार्डं सर्रास विकली जातात. वेष्टन पाहून ओळखायला गेलात तर फसाल.

विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ३ ही मोफत साधनं आहेत. ती कार्ड काठोकाठ भरतात आणि मग सगळं परत वाचून ताडून बघतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, तेवढे लागू द्या. तपासणीआधी कार्ड रिकामं असावं. एकही चूक निघाली तर ते कार्ड बाजूला ठेवा. "थोडंच खराब आहे, गेमपुरतं चालेल" हा हिशेब टिकत नाही, कारण त्याच कार्डावर उद्या कन्सोलचा बॅकअप जाणार असतो.

लेटरबॉम्ब कार्डावर टाकला, पण मेसेज बोर्डवर लाल पाकीट दिसत नाही.

लेटरबॉम्ब म्हणजे वीच्या मेसेज बोर्डवर उघडून होमब्रूचा इन्स्टॉलर सुरू करणारं खास बनवलेलं पत्र. ते न दिसण्याची चार कारणं असू शकतात, आणि त्यातलं एकच कार्डाचं आहे.

पहिलं तारखेचं. पत्र आजच्या पानावरच असेल असं नाही. मागच्या एक-दोन दिवसांची पानं उलटून बघा. कन्सोलचं घड्याळ चुकलेलं असेल तर ते सापडणारच नाही. वीच्या आत घड्याळासाठी सीआर२०३२ हा बटण सेल असतो आणि इतक्या वर्षांत तो संपलेला असू शकतो. सेटिंगमध्ये तारीख-वेळ बरोबर लावा आणि पत्र नव्याने बनवा.

दुसरं मॅक ॲड्रेसचं, म्हणजे कन्सोलच्या नेटवर्क ओळख क्रमांकाचं. पत्र त्या एकाच कन्सोलसाठी बनतं. वीच्या इंटरनेट सेटिंगमधल्या कन्सोल माहितीत दिसणारा क्रमांक जसाच्या तसा लागतो. शून्य आणि इंग्रजी "डी", आठ आणि "बी" यांची गल्लत बरीच होते. प्रदेशही आपल्या मेन्यूचाच निवडा. आवृत्तीच्या शेवटचं अक्षर तो सांगतं: ४.३यू, ४.३ई, ४.३जे किंवा ४.३के.

तिसरं फोल्डरचं. झिप उघडली की आत "प्रायव्हेट" नावाचा फोल्डर असतो. तो कार्डाच्या मुळाशी थेट हवा, दुसऱ्या कुठल्या फोल्डरच्या पोटात नको. विंडोज झिप उघडताना स्वतःचा एक फोल्डर तयार करतो आणि लोक तो अख्खा कार्डावर ओढतात.

चौथं कारण कार्ड. पत्र कार्डावरूनच वाचलं जातं, त्यामुळे वर सांगितलेले फॉरमॅटचे सगळे नियम इथेही लागू. मेसेज बोर्ड उघडण्याआधी कार्ड आत हवं.

पाकीट दिसलं, उघडलं, बॉम्ब दिसला आणि कन्सोल गोठला.

कार्डाच्या मुळाशी बूट.ईएलएफ ही फाइल आहे का ते बघा. होमब्रू चॅनेल आणि बूटमी बसवणारा हॅकमी इन्स्टॉलर तोच. लेटरबॉम्ब बनवताना इन्स्टॉलर सोबत घेण्याची एक चौकट असते. तिची खूण काढलेली असेल तर झिपमध्ये ती फाइल येतच नाही. फोनवरून दोनदा डाउनलोड केली असेल तर नाव बूट(१).ईएलएफ असं झालेलं असतं. विंडोज एक्स्टेन्शन लपवतो, त्यामुळे हे डोळ्यांना दिसत नाही. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायचा पर्याय आधी चालू करा.

सगळं जागेवर असूनही गोठत असेल तर दुसरं कार्ड. गोठलेला वी पॉवरचं बटण काही सेकंद दाबून बंद करायला हरकत नाही, कारण इन्स्टॉलर सुरू होईपर्यंत कन्सोलच्या आत काहीही लिहिलं गेलेलं नसतं.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इशारा आला आणि तिथेच थांबलं. कार्ड अडकलं का?

नाही. या सॉफ्टवेअरसाठी कोणी पैसे घेतले असतील तर तुम्ही फसला आहात, पैसे परत मागा, असं तिथे लिहिलेलं आहे. इन्स्टॉलरच्या लेखकांनी मुद्दाम अर्ध्या मिनिटाची वाट पाहायला लावली आहे. थांबा. थोड्या वेळाने १ दाबा असं खाली येईल. हा इशारा गांभीर्याने घ्या. "वी अनलॉक करून देतो" म्हणून पैसे उकळणारे अजून आहेत.

बूटमीने कार्ड नाकारलं, पण तेच कार्ड होमब्रू चॅनेलमध्ये चालतं. असं कसं?

बूटमी वीच्या नेहमीच्या सिस्टिमच्या खालच्या थरात चालतो. त्याचा कार्ड वाचणारा भाग वेगळा आहे आणि तो बऱ्याच कार्डांशी जमवून घेत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही, दुसऱ्या कंपनीचं, लहान क्षमतेचं कार्ड घ्या. हॅकमी इन्स्टॉलरमध्ये बूटमीसाठी कार्ड तयार करायचा पर्याय आहे, तो वापरून "बूटमी" फोल्डर त्या कार्डावर टाका.

अजून एक घोटाळा नेहमीचा: बूटमी उघडला आणि रिमोट चालेना. तिथे रिमोट चालतच नाही. गेमक्यूबचा कंट्रोलर लावा, नाहीतर कन्सोलवरची बटणं वापरा. पॉवर दाबलं की निवड पुढे सरकते, रीसेट दाबलं की होकार.

नँड (कन्सोलची आतली मेमरी) बॅकअप मध्येच थांबतो किंवा त्यात खराब ब्लॉक दाखवतो.

कार्डावर जागा किती आहे ते बघा. वीची आतली मेमरी ५१२ एमबीची, पण बॅकअपमध्ये प्रत्येक पानाचा जादा डेटाही उतरतो. त्यामुळे नँड.बिन ही फाइल सुमारे ५२८ एमबीची होते. ५१२ एमबीचं जुनं कार्ड म्हणूनच पुरत नाही. हा बॅकअप फक्त एसडी कार्डावर घेता येतो, यूएसबीवर नाही.

खराब ब्लॉकना घाबरू नका. आतल्या चिपमध्ये ४०९६ ब्लॉक असतात आणि त्यातले काही कारखान्यातूनच बाद झालेले असतात. वीला ते ठाऊक असतात आणि तो त्यांना वळसा घालतो. पडताळणीत प्रत्येक वेळी वेगवेगळे ब्लॉक चुकीचे निघत असतील, तर मात्र दोष कार्डाचा. बॅकअप झाला की नँड.बिन आणि कीज.बिन या दोन्ही फायली संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. पुढे कोणतीही सिस्टिमची गोष्ट टाकण्याआधी हे काम झालेलं हवं, यावर मी तडजोड करणार नाही.

कन्सोल सुरू केला की मेन्यूऐवजी बूटमीच उघडतो.

जुन्या वींवर बूटमी "बूट२" या सुरुवातीच्या टप्प्यात बसतो, म्हणून कार्डावर बूटमी फोल्डर दिसला की तो आधी उठतो. ही चूक नाही, उलट नशीब चांगलं आहे: असा कन्सोल मेन्यू बिघडला तरी बॅकअपवरून परत आणता येतो. रोज नको असेल तर कार्ड काढून ठेवा किंवा फोल्डरचं नाव बदला. नंतरच्या वींवर, साधारण २००८ नंतर बनलेल्यांवर, बूटमी फक्त आयओएस (वीच्या सिस्टिम सॉफ्टवेअरचा एक भाग, ॲपलचं नव्हे) म्हणून बसतो आणि ही सोय मिळत नाही.

होमब्रू चॅनेल उघडतं, पण नुसते बुडबुडे. एकही प्रोग्राम नाही.

कार्डाच्या मुळाशी "ॲप्स" फोल्डर, त्यात प्रत्येक प्रोग्रामचा आपला फोल्डर, आणि त्यात बूट.डॉल किंवा बूट.ईएलएफ. ही रचना जरा जरी हलली तरी चॅनेलला काही दिसत नाही. फोल्डरच्या आत त्याच नावाचा दुसरा फोल्डर, हा झिप उघडण्याचा नेहमीचा प्रसाद. फाइलचं मूळ नाव वेगळं असेल तर ते बदलून बूट.डॉल करावं लागतं.

रचना बरोबर असेल तर रिमोटवरचं १ बटण दाबा आणि कार्ड की यूएसबी, यातलं काय वाचलं जातंय ते बघा. मॅकवरून कॉपी केली असेल तर प्रत्येक फाइलसोबत टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या लपलेल्या फायली येतात. एम्युलेटरच्या यादीत त्या भुतासारख्या दिसतात. काढून टाकल्या तरी चालतं.

यूएसबी हार्ड डिस्क सापडतच नाही. लोडर (ड्राइव्हवरून गेम चालवणारा प्रोग्राम) उलटी मोजणी करत बसतो.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे.

पोर्टपासून सुरुवात करा. वीच्या मागे दोन यूएसबी पोर्ट आहेत. लोडरसाठी कन्सोलच्या कडेला लागून असलेला पोर्ट वापरायचा. हब लावू नका.

मग वीज. २.५ इंची हार्ड डिस्क सुरू होताना जास्त करंट ओढते आणि जुन्या वीचा पोर्ट तो नेहमी देऊ शकत नाही. डिस्क टिकटिक करत असेल किंवा दिवा लागून विझत असेल तर कारण हेच. दोन तोंडांची वाय केबल दोन्ही पोर्टना लावा, किंवा स्वतःचा ॲडॉप्टर असलेली डिस्क घ्या.

पेन ड्राइव्ह वापरू नका असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. काही चालतात, बरेच दोन तास चालून मध्येच दगा देतात. त्यापेक्षा चांगलं एसडी कार्ड परवडलं. यूएसबी लोडर जीएक्स कार्डावरूनही गेम चालवतो, त्यासाठी सेटिंगमध्ये एसडी मोड निवडायचा.

फॉरमॅटचा नियम कार्डाचाच: एमबीआर, एकच प्रायमरी पार्टिशन, फॅट३२, ३२ केबी. एनटीएफएसवर काही लोडर वीचे गेम चालवतात, पण होमब्रू चॅनेल आणि निन्टेंडन्ट त्यावरून काही उचलत नाहीत. डब्ल्यूबीएफएस नावाचं जुनं पार्टिशन करायचा सल्ला कुठे वाचला असेल तर विसरा. आज ते नाव फाइलच्या प्रकारापुरतं उरलं आहे. ५१२ बाइटच्या सेक्टरच्या हिशेबात एमबीआर २ टीबीपर्यंतच पोचतं, त्यामुळे त्याहून मोठी डिस्क वीसाठी घेऊ नका.

यादीत गेम दिसतो, सुरू केला की काळा पडदा.

ड्राइव्हवर संशय घेण्याआधी डी२एक्स सीआयओएस (लोडरला ड्राइव्हवरून गेम वाचता यावेत म्हणून बदललेलं आयओएस) आहे का ते तपासा. साधारणपणे स्लॉट २४९ मध्ये बेस ५६ आणि २५० मध्ये बेस ५७ असं बसवतात. ते नसेल तर यादी दिसते, पण गेम वाचायला पलीकडे कोणी नसतं. ते टाकताना कन्सोलच्या आत लिहिलं जातं, म्हणून वीज जाण्याची शक्यता असेल तेव्हा बसू नका. भारनियमनाच्या गावात इन्व्हर्टरवर करा. टाकताना चूक आली तर पुन्हा पुन्हा बटण दाबण्यापेक्षा कार्डावरच्या इन्स्टॉलरच्या फायली नव्याने उतरवून घ्या. अर्धवट उतरलेली फाइल हे नेहमीचं कारण असतं.

गेमची फाइल ड्राइव्हवर कॉपी होत नाही, "फाइल फार मोठी" म्हणतो.

फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपर्यंतच पोचते. वीची डिस्क ४.७ जीबीची, दुहेरी थराची ८.५. वी बॅकअप मॅनेजरसारखं साधन रिकामी जागा वगळतं आणि तरीही मोठी उरलेली फाइल तुकड्यांत कापतं. हे सगळं स्वतःच्या डिस्कच्या प्रतीसाठी, हे सांगायला नको.

"पुरेशी जागा नाही, ब्लॉक रिकामे करा" असं येतं, पण कार्ड तर रिकामं आहे.

ते कार्डाबद्दल नाही, आतल्या मेमरीबद्दल आहे. एक ब्लॉक म्हणजे १२८ केबी. डेटा व्यवस्थापनात जाऊन न लागणारी चॅनेल कार्डावर हलवा.

काहीच जमत नाही. सिस्टिम मेमरी फॉरमॅट करू का?

नको. त्याने सेव्ह आणि चॅनेल पुसली जातात, कार्डाची किंवा ड्राइव्हची एकही अडचण सुटत नाही. दुसऱ्याच्या कन्सोलचा नँड बॅकअप टाकायचा विचार तर स्वप्नातही नको. प्रत्येक वीच्या किल्ल्या वेगळ्या असतात.

वी मिनी आणि वी यू साठी हेच चालेल?

वी मिनीला एसडी स्लॉटच नाही, मागे एकच यूएसबी पोर्ट आहे. तिथे ब्लूबॉम्ब हा ब्लूटूथमधून जाणारा मार्ग वापरतात आणि फायली यूएसबी ड्राइव्हवर ठेवतात. फॉरमॅट तोच, फॅट३२. वी यू चा रस्ता संपूर्ण वेगळा आहे. तिथे कार्डाचे नियम सारखे असले तरी लेटरबॉम्ब आणि बूटमी चालत नाहीत.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी जुना वी पाठवला आहे. इथे लावला की कार्ड आणि डिस्क दोन्ही बंद.

आधी ॲडॉप्टरवरचा मजकूर वाचा. अमेरिकी वीचा ॲडॉप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला थेट लावला असेल तर तोच गेला असण्याची शक्यता जास्त. कन्सोलला १२ व्होल्ट, ३.७ अँपिअर लागतात. युरोपीय वीचा ॲडॉप्टर मिळाला तर तो इथे चालतो, नाहीतर चांगला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. तोपर्यंत हार्ड डिस्क जोडू नका.